गरम असताना झाकण उघडू नये

उत्तम,

तुझी पेटी परवा पुन्हा बंद पडली. दुपारी सव्वादोनला, धड्याच्या तिसऱ्या पानावर. आधी पंखा घरघरला, मग कॉम्प्युटरचा पडदा काळा झाला, आणि मी सवयीनं फोन उचलून तुझं नाव शोधलं. नाव सापडलंही. बोट तसंच वर धरून बराच वेळ बसलो. तुला जाऊन तेव्हा चौदा दिवस झाले होते.

निबंधाला सुरुवात, मध्य आणि शेवट असावा, असं जन्मभर पोरांना शिकवलं. तुझ्याविषयी लिहायला बसलो तर सगळं मधूनच आठवतंय. तू कुठं जन्मलास, मागं कोण कोण आहे, हे तुझ्या पोरीनं पेपरातल्या चौकटीत छापलं आहे. फोटोत तू हसत नाहीस, त्यामुळं दुसराच कुणीतरी वाटतोस. मला त्या चौकटीत न मावणारं सांगायचंय. मी तुझ्याशी एक खोटं बोललो होतो. आणि नंतर एक वाक्य बोललो, ते खोट्याहून वाईट होतं. दोन्ही परत घ्यायची राहिली.

मित्राचं सुतक नसतं, हे मला आत्ता कळलं. भाऊ गेला तर माणसं येऊन बसतात, पिठलं-भाकरी आणून देतात. मित्र गेला तर कोण येणार? शेजारचे जाता जाता म्हणाले, "तुमचे ते रेडिएटरवाले गेले म्हणे," आणि लगेच विचारलं, नळाला पाणी आज येणार की उद्या. आठवड्यानं येणारं पाणी आहे, त्यांचंही काही चुकलं नाही. मी म्हणालो, उद्या.

आपली ओळख पाण्यावरूनच झाली, आठवतं? मी नुकताच कन्नड गावातल्या शाळेत लागलो होतो. चाळीसगावला लग्नाला निघालो आणि जीप घाटात तापली. ड्रायव्हर डबा घेऊन पाणी शोधायला गेला. बॉनेटमधून वाफ येत होती, बायका पदरानं वारा घेत होत्या, आणि मी शिकलेला माणूस म्हणून पुढं झालो. हातरुमाल गुंडाळून रेडिएटरच्या झाकणाला हात घालणार, तेवढ्यात कुणीतरी मनगटावर असा फटका मारला की रुमाल खाली पडला. तू होतास. ड्रायव्हरनं वाटेतच तुला गाठलं होतं आणि तू पुढं पळत आला होतास.

"ओ मास्तर! गरम असताना झाकण उघडू नाय! समदं तोंडावर येईन!"

मी मास्तर हे तुला खिशातल्या लाल पेनावरून कळलं. आणि मी किती मास्तर, तर जीव वाचवणाऱ्याला तिथल्या तिथं म्हणालो, "उघडू नाय नव्हे. उघडू नये."

तू माझ्याकडं बघितलंस आणि हसलास. "बरं. नये. मग आता काय करायचं, ते तरी इचारा."

"काय करायचं?"

"काय नाय करायचं. बसायचं. गार होऊ द्यायचं."

अर्धा तास दगडावर बसलो आपण. लग्नातला अक्षतांचा मुहूर्त चुकला, पण आयुष्यभराचा माणूस मिळाला. त्यानंतर ते वाक्य तू माझ्या प्रत्येक भांडणात वापरलंस. हेडमास्तरांशी वाजलं, सुमन रुसून माहेरी गेली, भावानं बांध कोरला, की तुझं आपलं ठरलेलं. "गरम असताना झाकण उघडू नये, मास्तर." आणि 'नये'वर मुद्दाम जोर देऊन माझ्याकडं बघायचास.

पुढं नव्या गाड्या आल्या. रेडिएटरची भोकं झाळून बुजवायचे दिवस संपले. बिघडला की फेकायचा आणि दुसरा बसवायचा. तू कन्नडचं गॅरेज बंद करून पोरीजवळ हर्सूलला आलास. मी रिटायर होऊन आधीच इथं आलेलो, दोन गल्ल्या सोडून. मग सुमन गेली. तेव्हा तू रोज सकाळी यायला लागलास. सांत्वन वगैरे तुला जमायचं नाही. "कुकरची रिंग ढिली हाय," म्हणायचास आणि ती बसवून जायचास. घरातल्या ढिल्या वस्तू संपल्या तेव्हा तू माझ्यासाठी काम शोधून आणलंस. अंध मुलांच्या वसतिगृहाला धडे वाचून रेकॉर्ड करून देणारं कुणीतरी हवं होतं. तिथल्या बाईंना तू परस्पर सांगून टाकलंस, "आमचे मास्तर वाचतेत की! आवाज लई खडा हाय."

त्यासाठी कॉम्प्युटर हवा. मी म्हणालो, विकत घेऊ. तू म्हणालास, "आयता कशाला? सामान आणू, जोडू. यात बी इंजिन हाय, तापतंय, गार करावं लागतंय. माझंच काम झालं ना हे." मोबाईलवर व्हिडिओ बघून बघून तू तयारच होतास. पैठण गेटजवळच्या दुकानातून एकेक भाग आणला आणि माझ्या दिवाणावर पेपर अंथरून मांडला. कॅबिनेटला तू पेटी म्हणायचास, प्रोसेसरला इंजिन, आणि त्यावर लावतात त्या पेस्टला मलम. मी शब्द सुधारायचो, तू ऐकायचा नाहीस. मलम किती लावायचं यावरून आपण पाऊण तास भांडलो. मी म्हणत होतो, लोण्यासारखं पसरून लाव. तू म्हणालास, "साबुदाण्याएवढं. जादा मलम म्हंजी मधी भिंत. इंजिनाची उष्णता वरच्या जाळीत जायला पाहिजे, मलमात बसायला नको." तुझंच खरं होतं. पेटी चालू झाली तेव्हा तुझ्या घरून शांतावहिनींनी धपाटे पाठवले होते, आणि तू कीबोर्डवर एका बोटानं माझं नाव टाइप करून दाखवलंस. त्यात वेलांटी चुकलेली होती. ती तेवढी मी बोलून दाखवली नाही.

पहिला धडा पाठवला तर बाईंचा फोन. "सर, वाचन सुंदर आहे. पण मागं पिठाची गिरणी चालू आहे का?"

तुला ते लागलं. पेटीचा पंखा म्हणजे तुझी अब्रू. तू काय काय करून पाहिलंस, पण स्वस्तातला पंखा, तो घरघरणारच. मग एका दुपारी मी सुमनची गोधडी आणली. तिनं तिच्याच जुन्या लुगड्यांची शिवलेली, लाल दोऱ्याचे टाके घातलेली. चौघडी करून पेटीवर घातली, मागूनही ओढून घेतली. आवाज दबला. बाई म्हणाल्या, "आता छान." वाचून झालं की मी गोधडी काढून घडी घालून कपाटात ठेवायचो. हिवाळा गेला, काही बिघडलं नाही.

मग उन्हाळा आला. आपल्याकडचा उन्हाळा तुला काय सांगायचा. गल्ली दुपारी झोपते, तेव्हाच तेवढी शांतता, म्हणून मी दुपारी वाचायचो. आवाज नको म्हणून छताचा पंखा बंद, कूलर बंद, खिडकी बंद, वर गोधडी. आणि पेटी वीस मिनिटांत धाडकन बंद पडायची. इंजिन फार तापलं की स्वतःला वाचवायला ते आपणहून बंद होतं, हे तूच समजावलं होतंस.

तू यायचास सकाळी आठला. गारव्यात. पेटीचं दार उघडून चालू करायचास, हात लावून बघायचास. ठणठणीत. सायकलच्या पंपानं धूळ उडवलीस. मलम तीनदा बदललंस. मग म्हणालास, वारा कमी पडतोय, आणि मागं आणखी एक पंखा बसवलास. तोही उलटा! आत वारा फेकणारा. दोन दिवस डोकं खाजवत बसलास आणि मग स्वतःच्याच कपाळावर हात मारलास. "मास्तर, जीपला बूड नसतं. गरम वारा आपसूक खालून सुटतो. पेटीला समद्या बाजूनं भिंती. हिला वाट काढून द्यावी लागती." पंखा फिरवून बसवलास. पण दोन पंख्यांचा आवाज दुप्पट, म्हणून मी गोधडी आणखी घट्ट आवळली. तू वारा वाढवत गेलास आणि मी तुझ्या माघारी तो कोंडत गेलो.

एकदा तू विचारलंस, "दुपारचं पेटीवर कायतरी ठेवता का?"

मी म्हणालो, "नाही बुवा. काय ठेवणार?"

हेच ते खोटं. मला कारण कळलं नव्हतं असं इथं लिहिलं तर ते दुसरं खोटं होईल. कळलं होतं. पण बायकोची गोधडी मी एका पत्र्याच्या पेटीला पांघरतो, हे सांगायची लाज वाटली. तुझ्या पंख्याचा आवाज मला सहन होत नाही हेही सांगायचं नव्हतं. आणि मनात कुठंतरी असंही होतं की उत्तम आहे ना, तो काहीतरी मार्ग काढेल. तू नेहमी काढायचास.

मग एका दुपारी पेटी नेहमीपेक्षा जास्त टिकली आणि ऐन शेवटी चाळीस मिनिटांचा धडा गेला. सगळा वाचून झाला होता, शेवटचा परिच्छेद राहिला होता. संध्याकाळी तू आणि वहिनी सहज आलात. मी चहा ठेवला होता, डोकं मात्र दुपारचंच. तू स्क्रूड्रायव्हर काढून पेटीजवळ बसलास आणि म्हणालास, "आणिक एक पंखा लावून बघू." आणि मी, घामानं चिकचिकलेला, आता खोटं पकडलं जाईल म्हणून घाबरलेला, वहिनींसमोर बोललो, "पुरे झालं. कॉम्प्युटर म्हणजे जीप नव्हे. हे तुझ्या हातचं काम नाही."

तू स्क्रूड्रायव्हर सदऱ्याला पुसलास. खिशात ठेवलास. "गरम असताना झाकण उघडू नये, मास्तर," म्हणालास. या वेळी 'नये'वर जोर नव्हता. वहिनींचा चहा अर्धा राहिला.

मग मी वाट बघत बसलो. गार होऊ द्यायचं, ही तुझीच शिकवण. एक दिवस गेला, चार गेले, आठ गेले. मला वाटायचं, तू येशील, तुला वाटत असेल, मी येईन. दोन गल्ल्यांचं अंतर, दोन म्हातारे, आणि दोघंही गार व्हायची वाट बघतोय. अकराव्या दिवशी सकाळी तुझ्या पोरीचा फोन आला. नुसतं "काका, बाबा..." म्हणाली.

तुझ्या पुण्यानुमोदनाला मी विहारात मागं खांबाजवळ बसलो होतो. पांढऱ्या कपड्यांत सगळे. वंदना झाली, आणि तुझ्या भावकीतल्या एकानं हार्मोनियम पुढं ओढली. गाण्याआधी त्यानं सूर धरला आणि मला तुझे वडील आठवले. तूच कधीतरी गॅरेजात, रेडिएटरला झाळ देता देता सांगितलेलं. गावच्या भजनी मंडळाची पेटी होती, तुझ्या वडलांना ती शिकायची फार हौस. एकदा धीर करून त्यांनी विचारलं, तर मंडळाचा म्होरक्या म्हणाला, "पेटी? हे तुमच्या हातचं काम नाही." तुझे वडील मग जालन्याला जाऊन शिकून आले आणि जयंतीच्या गायन पार्टीत वीस वर्षं त्यांनी पेटी वाजवली. सांगताना तू हसत होतास. मीही हसलो होतो, त्या म्होरक्याला.

आणि मी तेच बोललो, उत्तम. शब्दाला शब्द. पेटीवरूनच.

मी मेकॅनिकला म्हणालो होतो, असं मी खांबाशी बसून स्वतःला सांगत होतो. जीपवाल्याला म्हणालो होतो. पण म्होरक्या माझ्यासारख्याच घरातला होता, आणि ऐकणारा तू होतास, तुझ्या बापाचा मुलगा. तू काय ऐकलंस? एवढंच मला विचारायचं होतं. तू मला शेवटपर्यंत 'तुमी' म्हणालास, मी तुला पहिल्या दिवसापासून 'तू'. मी एकदा म्हणालोही होतो, आता मला अरे-तुरे कर. "जिभेला वळण नाय, मास्तर," म्हणालास. ते मी तेव्हा प्रेमात जमा केलं. आता ते वळण कुणी लावलं याचा विचार करतो आणि मान खाली जाते. मला माफ कर. हे तू असताना म्हणायला पाहिजे होतं. तोंडावर म्हणायला पाहिजे होतं.

परवा पेटी बंद पडली तेव्हाही तिच्यावर गोधडी होतीच. इतकं होऊनही मी ती घातली होती, बघ. बाईंना धडा पाठवायचा होता. काळ्या पडद्यापुढं बसल्यावर वाटलं, आता ही आपणच उघडायची. पण माझ्याकडं स्क्रूड्रायव्हर कुठं? सगळी हत्यारं तुझी. म्हणून तुझ्या घरी गेलो.

वहिनी ओट्यावर मेथी निवडत होत्या. निवडलेली आणि न निवडलेली एकाच परातीत टाकत होत्या. मी म्हणालो, पेटी उघडायची आहे, उत्तमचा स्क्रूड्रायव्हर मिळेल का.

त्या आत गेल्या. स्क्रूड्रायव्हर आणला आणि बरोबर एक पुठ्ठ्याचं खोकं. "हे बी न्या. तुमचंच हाय."

"काय आहे?"

"पंखा. त्यांनी मागवला हुता. तुमी बोलले त्याच्या दुसऱ्या दिवशी. मोठा हाय म्हने, हळू फिरतो, आवाज करत नाय." त्यांनी खोकं माझ्या हातात दिलं. "म्हनायचे, ह्यो बसवला की मास्तरला गोधडी टाकायची गरज पडायची नाय."

मी खोकं उघडून पाहिलं.

"लई दिवसांपून ठावं हुतं त्यांना. पंख्यात लाल दोरा घावला. मला म्हनले, मास्तर वाकळ घालतो पेटीवर. मी म्हनले, मग सांगा की तसं, काढा म्हना. तर म्हनले, बाईची गोधडी हाय ती. कसं काढा म्हनू?"

मी विचारलं. विचारायला नको होतं, पण विचारलं. "वहिनी, त्या दिवशीचं माझं बोलणं... काही म्हणाला का तो?"

त्यांनी मेथीची परात पुढं ओढली. "नाय. तेवढं काय बोलले नाय," म्हणाल्या. "गार झालं की जातो म्हनले हुते."

काल सकाळी आठला पेटी उघडली. तुझ्या वेळेला. आधी गोधडी कपाटात ठेवली. मग दार काढलं. इंजिनावरचा छोटा पंखा काढून पाहिला तर त्याच्या दांडीला लाल दोरा गुंडाळलेला. तू एकदा काढला असशील, नंतर मी पुन्हा घातला. सुकलेलं मलम पुसलं, नवं लावलं. साबुदाण्याएवढं. मागचा घरघऱ्या पंखा काढला आणि तुझा मोठा पंखा बसवला. चार स्क्रू लावायला मला सव्वा तास लागला. तू असतास तर चारदा म्हणाला असतास, सरका.

चालू केली. आकडा बघायला तू शिकवलं होतंस, तो बघितला. चढतच चालला. सत्तर, ऐंशी, ब्याऐंशी. बंद केली. पंख्यामागं हात धरून पाहायचं सुचायला अर्धा तास गेला. उलटा बसवला होता, उत्तम. तुझीच चूक, जशीच्या तशी. एकटाच हसलो आणि घरात हसल्याचा आवाज ऐकून दचकलो. पेटीला बूड असतं, हिला वाट काढून द्यावी लागते. फिरवून बसवला.

आज दुपारी खिडक्या लावून, कूलर बंद करून, गोधडी न घालता पूर्ण धडा वाचला. एकेचाळीस मिनिटं. आकडा अठ्ठावन्नच्या वर गेला नाही. तुझा मोठा पंखा हळू फिरत होता, आणि इंजिनावरच्या छोट्यालाही मग धावायचं कारण उरलं नाही. हे तुझ्या हातचंच काम होतं.

वाचून झाल्यावर जुना एक धडा लावून ऐकला, हिवाळ्यातला. गोधडीखालूनही ती घरघर अंधूक ऐकू येते. माझ्या मागं खोलीत कुणीतरी काम करत बसलंय, मी चुकतोय का इकडं त्याचं लक्ष आहे, असं वाटतं. मी ती दाबायला किती धडपडलो. तो धडा दोनदा ऐकला.

संध्याकाळी बाईंचा फोन आला. खूश होत्या. "सर, काय केलंत हो? आता मागं कुणी आहे असं वाटतच नाही."

"नाही," मी म्हणालो. "कुणी नाही."